पाचव्या बॅचला उत्प्रेरक दमतो? नवा मागवण्याआधी ग्लुकॉनिक आम्ल शोधा

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीवर येते. पहिली बॅच झकास, दुसरीही तशीच. तिसरीला अर्धा तास जास्त लागला, तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पाचवीला दुप्पट वेळ गेला आणि शेवटची दोन टक्के साखर काही केल्या जाईना. मग नवा उत्प्रेरक टाकायचा, दोन बॅच सुखाच्या जायच्या आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ग्लुकोजला हायड्रोजन देऊन सॉर्बिटॉल करणारे रेनी निकेल या सच्छिद्र निकेल-उत्प्रेरकाबद्दल हे सांगतात, रुथेनियम वापरणारे जरा उशिरा सांगतात, पण सांगतात. उलट दिशेला जाणारे, म्हणजे ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण करून ग्लुकॉनेट काढणारे लोकही आपल्या प्लॅटिनम-पॅलेडियमबद्दल जवळपास याच शब्दांत रडतात.

दोन्हीकडे माझा पहिला संशय एकाच रेणूवर जातो, तो म्हणजे ग्लुकॉनिक आम्ल. हायड्रोजनीकरणात तो न बोलावलेला पाहुणा असतो आणि ऑक्सिडीकरणात तर तोच माल असतो. काम मात्र दोन्हीकडे सारखंच करतो. एका टोकाला कार्बॉक्सिल आणि शेजारी ओळीने हायड्रॉक्सिल, अशी त्याची बांधणी आहे. धातूचा अणू तो चिमट्यात धरावा तसा धरतो. पृष्ठभागावर बसला तर जागा अडवून ठेवतो आणि संधी मिळाली तर धातू सोबत घेऊन द्रावणात उतरतो.

मला हे कळायला लाज वाटावी इतका वेळ लागला, म्हणून आधी तो किस्सा.

आमच्याकडे ४० टक्के ग्लुकोजचं द्रावण, १२० अंश सेल्सिअस, ५० बार आणि रेनी निकेल अशी साधी मांडणी होती. प्रत्येक बॅचनंतर उत्प्रेरक खाली बसू द्यायचा, वरचं द्रावण काढायचं आणि पुढची भरती करायची. पाचव्या-सहाव्या फेरीला गाडी हमखास अडायची. एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणारं यंत्र, सांगायची की दीड टक्का ग्लुकोज शिल्लक आहे, म्हणून आम्ही आणखी दोन तास चालवायचो. दोन तासांनी पाहावं तर शिल्लक दीडच्या जागी पावणेदोन! हायड्रोजनखाली ग्लुकोज वाढतंय यावर विश्वास कसा ठेवायचा? एकाने वैतागून त्याच नमुन्याची जुन्या पद्धतीने फेहलिंग चाचणी केली, तर निळं द्रावण निळंच राहिलं. क्षपणकारी, म्हणजे ग्लुकोजसारखी, साखर जवळपास नव्हतीच.

घोळ कॉलममध्ये होता. दुसऱ्या कामासाठी बसवलेला हायड्रोजन रूपातला धनायन-विनिमय कॉलम आम्ही यालाही वापरत होतो. त्या कॉलमवर ग्लुकॉनिक आम्ल आणि ग्लुकोज जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतात. अपवर्तनांक मोजणाऱ्या डिटेक्टरला दोघांतला फरक कळत नाही. आम्ही ज्याला उरलेलं ग्लुकोज समजत होतो ते बरंचसं ग्लुकॉनिक आम्ल होतं, आणि ते घालवायला दोन-दोन तास जास्त चालवून आम्ही त्यात भरच घालत होतो. उत्प्रेरक पुरवणाऱ्याला तोवर तीन कडक पत्रं गेली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

आधी मोजमाप दुरुस्त करा

म्हणून पहिलं काम ऑटोक्लेव्हजवळ, म्हणजे दाबाच्या भांड्याजवळ नाही, प्रयोगशाळेत आहे. कॅल्शियम किंवा शिसं रूपातला कॉलम असेल तर सॉर्बिटॉल, मॅनिटॉल आणि ग्लुकोज स्वच्छ वेगळे दिसतात. पण तिथे आम्लं फार लवकर, क्षारांच्या गर्दीत निघून जातात आणि नजरेतून सुटतात. हायड्रोजन रूपातल्या कॉलमवर वर सांगितलेला घोळ होतो, शिवाय सॉर्बिटॉल आणि मॅनिटॉलही एकमेकांना चिकटून येतात. तिथे यूव्ही डिटेक्टर २१० नॅनोमीटरला लावून जोडीला ठेवा. ग्लुकोज त्या तरंगलांबीला जवळपास गप्प असतं, आम्ल मात्र दिसतं. दोन्ही डिटेक्टरांच्या शिखरांचं गुणोत्तर बॅचगणिक बदलत असेल तर उत्तर हातात आलं.

एवढी यंत्रं नसतील तरी अडत नाही. गाळलेलं द्रावण तीव्र आम्लधर्मी धनायन-विनिमय रेझिनमधून जाऊ द्या, म्हणजे सोडियम आणि निकेलशी बांधलेलं ग्लुकॉनेट मोकळं आम्ल होऊन बाहेर येईल. मग त्याचं कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) अनुमापन करा. रेझिनची पायरी गाळून सरळ अनुमापन केलंत तर क्षाररूपातलं ग्लुकॉनेट सापडणार नाही आणि तुम्ही खुशीत म्हणाल, आम्ल नाहीच. आणखी एक खोच अशी की ग्लुकॉनिक आम्लाचा काही भाग स्वतःशीच जुळून लॅक्टोन, म्हणजे बंद कड्याचा रेणू होऊन बसतो आणि थंडीत कॉस्टिकला हळूहळू दाद देतो. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग येऊन परत उडत असेल तर हेच चाललंय. जास्तीचं कॉस्टिक घालून कोमट करा आणि उलट अनुमापन करा, म्हणजे उरलेलं कॉस्टिक आम्लाने मोजा.

हातासरशी भरतीचं वजनही तपासा. पोत्यात मोनोहायड्रेट ग्लुकोज असेल तर १ किलोत खरं ग्लुकोज ९०९ ग्रॅम. हिशेब निर्जल धरून केला असेल तर हायड्रोजन नेहमी नऊ टक्के कमी खर्च झालेला दिसेल आणि बॅच अपुरी राहिल्याचा भास होईल. हसू नका, हे घडतं. निर्जल १ किलो ग्लुकोजला ५.५५ मोल हायड्रोजन लागतो, म्हणजे वजनाने जेमतेम ११ ग्रॅम. गळती एवढीशी असली तरी हा ताळेबंद बिघडतो, म्हणून भांडं दाबाखाली बंद करून रात्रभर ठेवायची चाचणी आधी उरकून घ्या.

हायड्रोजनीकरणात हे आम्ल येतं कुठून?

प्रश्न रास्त आहे. भांड्यात हायड्रोजन ठासून भरलेला असताना ऑक्सिडीकरण कसं होईल?

भांड्यात असणं वेगळं आणि उत्प्रेरकापाशी असणं वेगळं. ४० टक्के द्रावणात लिटरमागे साधारण २.६ मोल ग्लुकोज असतं. पाण्यात हायड्रोजन २५ अंशाला दर बारमागे लिटरला जेमतेम ०.८ मिलिमोल विरघळतो, म्हणजे ५० बारला ४० मिलिमोल. साखरेच्या घट्ट द्रावणात त्याहूनही कमी. एका क्षणी द्रावणात असलेला हायड्रोजन गरजेच्या साठाव्या हिश्शाइतकाही नाही. उरलेला सगळा वायूतून द्रवात आणि द्रवातून कणापर्यंत, ढवळण्याच्या जोरावर पोचायचा असतो. तो कमी पडला की धातूचा पृष्ठभाग उपाशी राहतो. अशा उपाशी पृष्ठभागावर ग्लुकोज स्वतःचाच हायड्रोजन देऊन टाकतं आणि ग्लुकॉनिक आम्ल होतं. तो हायड्रोजन शेजारचं ग्लुकोज घेतं आणि सॉर्बिटॉल होतं. पीएच जितका चढा तितकं हे सोपं.

आमच्या बाबतीत उपासमार ढवळणीमुळे नव्हती. ती आम्ही स्वतः, नियम म्हणून लिहून ठेवली होती! ग्लुकोज आणि उत्प्रेरक एकत्र भरायचे, नायट्रोजनखाली १२० अंशापर्यंत तापवायचे आणि तापमान स्थिर झालं की हायड्रोजन सोडायचा. सुरक्षित वाटतं, नोंदवहीत वेळही सुबक लागते. पण तापायला चाळीस मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ निकेल गरम साखरेत हायड्रोजनाविना पडून असायचं. बॅच संपल्यावरही दाब सोडून द्रावण गरम असतानाच उत्प्रेरक बसायची वाट पाहायची, म्हणजे दुसऱ्या टोकालाही तेच. दर फेरीला थोडं आम्ल तयार होत होतं, थोडं उत्प्रेरकावर चिकटून पुढच्या बॅचमध्ये जात होतं.

बदल एवढाच केला. थंड असतानाच नायट्रोजनने तीनदा हवा काढली, दाबाची गळती पाहिली, मग हायड्रोजनने तीनदा धुऊन पूर्ण दाब दिला, ढवळणी सुरू केली आणि त्यानंतर तापवलं. शेवटी हायड्रोजनच्या दाबाखालीच ६० अंशाच्या खाली थंड केलं आणि मग दाब सोडला. यात एक गोष्ट सांभाळायला हवी. तापताना वाटेतच अभिक्रिया सुरू होते आणि ती उष्णता सोडणारी आहे, म्हणून तापवण्याचा वेग आवरता ठेवा आणि थंड पाण्याची सोय चालू आहे ना ते आधी बघा. या एका बदलाने आमचा उत्प्रेरक जितका टिकला, तितका पत्रं पाठवून कधीच टिकला नव्हता.

तुमची पद्धत आधीपासून अशीच असेल तर संशय ढवळण्यावर न्या. त्याची चाचणी सोपी आहे. बाकी सगळं तेच ठेवून उत्प्रेरक दुप्पट टाका. वेग जवळपास दुप्पट झाला तर वायू पुरेसा पोचतोय आणि कमतरता उत्प्रेरकाचीच आहे. वेग तसूभर हलला नाही तर उत्प्रेरक बेकार बसलाय आणि अडचण हायड्रोजन पोचण्यात आहे. अशा वेळी नवा उत्प्रेरक टाकणं म्हणजे रांग तिकीट खिडकीपाशी तुंबलेली असताना गाडीला डबे जोडणं. ढवळणीचा वेग वाढवा, पाती वायू खाली ओढणारी आहेत का पाहा, द्रवाची पातळी पात्याच्या फार वर गेली नाही ना पाहा. लहान भांड्यातून मोठ्या भांड्यात गेल्यावर ही तक्रार पहिल्यांदा उगवली असेल तर बहुधा हेच कारण.

हायड्रोजनचा खप वेळेविरुद्ध कागदावर काढायची सवयही लावून घ्या. साखर भरपूर असेपर्यंत रेघ सरळ जायला हवी आणि शेवटाकडे वाकायला हवी. दर फेरीला सरळ भागाचा उतार कमी होत असेल तर उत्प्रेरक खरंच मंदावतोय. उतार तोच राहून फक्त शेपूट लांबत असेल तर बात वेगळी आहे, त्याकडे पुढे येतो.

मॅनिटॉल कधी वाढतं ते बघा, किती वाढतं ते नंतर

मॅनिटॉल ही चांगली साक्षीदार आहे. अल्कलीत ग्लुकोजचं काही अंशी फ्रुक्टोज आणि मॅनोज होतं. लोब्री द ब्रॉइन आणि आल्बेर्डा व्हान एकेनस्टाइन या जोडीच्या नावाने ओळखलं जाणारं हे रूपांतर. फ्रुक्टोजला हायड्रोजन दिला की निकेलवर सॉर्बिटॉल आणि मॅनिटॉल साधारण निम्मं-निम्मं येतं, तर मॅनोजपासून सरळ मॅनिटॉल.

पहिल्याच बॅचला मॅनिटॉल जास्त आणि पुढे कमी होत गेलं, तर नवा रेनी निकेल नीट धुतला गेला नव्हता. हा उत्प्रेरक निकेल-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतलं ॲल्युमिनियम कॉस्टिकने विरघळवून बनतो. मरे रेनीने १९२० च्या दशकात ही युक्ती पेटंट केली, आणि कॉस्टिकचे अवशेष त्या सच्छिद्र कणांत लपून राहण्याची खोडही तेव्हापासूनचीच. धुण्याचं शेवटचं पाणी उदासीन दिसलं तरी दहा मिनिटं ढवळून पुन्हा तपासा. आतलं अल्कली सावकाश बाहेर येतं.

उलट, मॅनिटॉल बॅचगणिक चढत गेलं तर ते कारण नाही, परिणाम आहे. वेग मंदावला म्हणून साखर जास्त वेळ गरम राहिली आणि तेवढं रूपांतर जास्त झालं. अशा वेळी मॅनिटॉलच्या मागे धावून पीएच खाली ओढू नका. पीएच आम्लाकडे गेला की निकेल विरघळू लागतं आणि ग्लुकॉनेट त्याला हात देऊन बाहेर काढतं.

निकेल जातंय का हे पाहायला महागडं यंत्र नको. गाळलेल्या द्रावणाचे काही थेंब, थोडा अमोनिया आणि डायमिथाइल ग्लायॉक्साइम एवढं पुरे. गुलाबी-लाल रंग किंवा साका आला की निकेल आहे. दर बॅचला ही चाचणी करून रंग किती गडद ते नोंदवत गेलात तर एका महिन्यात चित्र स्पष्ट होतं. द्रावणाला डोळ्यांनाच हिरवट छटा दिसत असेल तर चाचणीचीही गरज नाही, दुकान बंद करून पीएच बघा. वेग वाढावा म्हणून लोह घातलेले निकेल सुरुवातीला जोरात चालतात, पण लोह लवकर धुपून जातं आणि वेग कोसळतो. मॉलिब्डेनम किंवा क्रोमियम घातलेले त्यामानाने टिकाऊ. पहिल्या बॅचच्या वेगावर भाळून उत्प्रेरक निवडला असेल तर ही निवडीची चूक आहे, वापराची नाही.

रुथेनियम-कार्बनला विरघळण्याचा त्रास जवळपास नाही, म्हणून तिथे द्रावण स्वच्छ दिसतं आणि माणूस गाफील राहतो. ग्लुकॉनिक आम्ल त्यालाही मंद करतं, गंधक आणि लोह तर मारतंच. ॲल्युमिनावरचं रुथेनियम गरम पाण्याच्या द्रावणात वापरत असाल तर धातू ज्यावर बसवलाय तो आधारच बदलत जातो, हेही ध्यानात ठेवा. कार्बन तिथे जास्त शहाणा.

शेपूट लांबते, पण वेग तोच

इथे उत्प्रेरकाला हात लावू नका, पाक बघा. स्टार्चपासून केलेल्या ग्लुकोजच्या पाकात माल्टोज आणि त्याचे भाऊबंद राहून गेलेले असतात. त्यांचं हायड्रोजनीकरण होतं, पण सावकाश, आणि माल्टोजचं माल्टिटॉल बनतं. तपासायचं असेल तर तयार मालाची फेहलिंग चाचणी एकदा तशीच करा आणि एकदा आम्लात उकळून करा. तशीच केली तर स्वच्छ आणि उकळल्यावर लाल, असं असेल तर माल्टिटॉल फुटून ग्लुकोज मोकळं झालं. जगातला कुठलाही उत्प्रेरक हे दुरुस्त करणार नाही. दोष जलविघटनाच्या पायरीत आहे आणि दुरुस्तीही तिथेच करावी लागेल.

धुऊन परत येतो का?

दमलेला निकेल फेकण्याआधी त्याचा एक छोटा हिस्सा बाजूला घ्या. कोमट पाण्याने धुवा, मग अगदी सौम्य कॉस्टिकने थोडा वेळ, मग पुन्हा उदासीन होईपर्यंत पाण्याने. सगळं पाण्याखालीच करायचं. रेनी निकेल कोरडं पडलं की हवेत पेट घेतं, आणि जुनं झालं म्हणून त्याचा हा गुण जात नाही. या धुतलेल्या हिश्शाची लहान बॅच लावा. वेग बराचसा परत आला तर चिकटलेलं आम्ल होतं, म्हणजे वरचं सगळं पुराण तुम्हालाच लागू आहे. काहीच फरक पडला नाही तर गंधक, विरघळून गेलेलं निकेल किंवा ढवळण्याने झिजून गाळणीतून निसटलेली पूड, या तिघांपैकी कुणीतरी आहे. पूड निसटली का हे वजनावरून कळतं. निकेल विरघळलं का हे गुलाबी रंगावरून. दोन्ही नाही म्हटलं की गंधक उरतं, आणि निकेलवर बसलेलं गंधक धुऊन जात नाही.

आता उलट दिशेला: ऑक्सिडीकरण करणाऱ्यांसाठी

लक्षण तेच, पण इथे उपाशी राहणं आणि अति खाणं हे दोन्ही आजार होतात आणि औषधं एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. म्हणूनच या बाजूला लोक जास्त गोंधळतात.

प्लॅटिनम किंवा पॅलेडियमवर काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. साखरेचा हायड्रोजन धातू काढून घेतो आणि ऑक्सिजन येऊन तो हायड्रोजन पाण्याच्या रूपात उचलून नेतो. ऑक्सिजन कमी पडला तर धातू हायड्रोजनने आणि सेंद्रिय तुकड्यांनी भरून जातो, जास्त झाला तर धातूवरच ऑक्साइडचा थर चढतो आणि साखरेला बसायला जागा उरत नाही. दोन्ही वेळा नोंदवहीत एकच वाक्य लिहिलं जातं, ‘उत्प्रेरक मेला’.

फरक ओळखायला ढवळणीचा वेग वाढवा किंवा हवेचा प्रवाह वाढवा आणि पंधरा मिनिटं थांबा. वेग वाढला तर उपासमार होती. वेग कमी झाला तर अतिरेक आहे. हायड्रोजनीकरणात जास्त ढवळल्याने सहसा नुकसान होत नाही म्हणून तिकडून आलेल्या माणसाचा हात आपसूक वेगाच्या बटणाकडे जातो. इथे ती सवय घातक ठरते.

अतिरेकाची शंका आली की हवा बंद करा, नायट्रोजन सोडा आणि साखरेच्या संगतीत उत्प्रेरकाला दहा-पंधरा मिनिटं नुसतं ढवळू द्या. साखर स्वतःच तो ऑक्साइड उतरवते. हवा परत सुरू केल्यावर वेग परतला तर रोग कळला आणि बराही झाला. परतला नाही तर चिकटलेले उपपदार्थ किंवा धातूचं विरघळून जाणं किंवा त्याचे कण मोठे होणं पाहायला हवं. प्लॅटिनमची तार आणि संदर्भ इलेक्ट्रोड बुडवून द्रावणातल्या उत्प्रेरकाचं विभव मोजायची सोय असेल तर अंदाजाने चालायची गरजच नाही. हायड्रोजन संदर्भाच्या मापात आकडा ०.८–०.९ व्होल्टच्या वर चढून बसला असेल तर प्लॅटिनमवर ऑक्साइड चढतोय. तो खूप खाली असेल तर ऑक्सिजन पुरत नाही.

वारंवार येणाऱ्या तक्रारीचं सगळ्यात सामान्य मूळ मात्र बॅचच्या शेवटात असतं. साखर संपत येते, हवा तेवढीच चालू राहते. मी पाहिलेल्या एका प्रकरणात बॅच संध्याकाळी संपायची आणि गाळणी सकाळी व्हायची, मधली रात्रभर बुडबुडे चालू. कण बसू नयेत म्हणून, असं कारण. साखर नाही, गरम अल्कलीधर्मी द्रावण, भरपूर ऑक्सिजन आणि भोवती ग्लुकॉनेटचा समुद्र. प्लॅटिनमवर ऑक्साइड चढवायला आणि तो सुटा करून विरघळवायला याहून चांगली कृती शोधूनही सापडणार नाही. हवेऐवजी नायट्रोजन लावला आणि शेवटच्या टप्प्यात हवेचा प्रवाह घटवला, एवढ्यावर ती तक्रार थांबली. सुरुवातही नायट्रोजनखालीच करा, साखर आणि उत्प्रेरकाची ओळख होऊ द्या, मग हवा. बिस्मथ घातलेलं पॅलेडियम वापरत असाल तर बिस्मथही ग्लुकॉनेटबरोबर हळूहळू निघून जातो. तिथे निवडकता, म्हणजे हवा तोच पदार्थ बनवण्याचा गुण, आधी ढळते, वेग नंतर.

आणि कॉस्टिकच्या पंपाची नोंद ठेवा, ती फुकटची वैद्य आहे. ग्लुकोजच्या एका मोलला अर्धा मोल ऑक्सिजन आणि एक मोल कॉस्टिक लागतं. १ किलोला साधारण ६२ लिटर ऑक्सिजन आणि २२२ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड. कॉस्टिक या प्रमाणापेक्षा जास्त जात असेल तर अल्कली साखरेला तोडून दुसरी आम्लं बनवतंय, द्रावण पिवळं-तपकिरी होत असेल तर नक्कीच. हवेतला कार्बन डायऑक्साइडही थोडं कॉस्टिक खातो, तेवढी सूट द्या. ऑक्सिजन प्रमाणाबाहेर जात असेल तर ग्लुकॉनेटच्याही पुढे, ग्लुकॅरेटकडे वाटचाल चालू आहे. प्लॅटिनमला ती खोड आहे, पॅलेडियमला कमी, सोन्याला जवळपास नाही. सोन्याचं दुखणं वेगळं. त्याला ऑक्सिजनचा अतिरेक फारसा बाधत नाही, पण कण बारीक असतील तोवरच ते कामाचं असतं. आधाराशिवाय सोडलेले सूक्ष्म कण तर काही मिनिटांत गोळा होऊन थंड पडतात.

दोन्ही हिशेब जुळत असूनही अभिक्रिया मध्येच थांबत असेल तर पीएचच्या इलेक्ट्रोडवर शंका घ्या. आम्ल उदासीन झालं नाही तर ग्लुकॉनिक आम्ल धातूवरून उठतच नाही, आणि इलेक्ट्रोड खोटा चढा आकडा दाखवत असेल तर पंप निवांत बसतो. घट्ट साखरेत इलेक्ट्रोडचा सच्छिद्र सांधा तुंबतो आणि तो सुस्त होतो. कॅलिब्रेशन बॅचच्या तापमानाला करा. बोरॅक्सचं प्रमाण द्रावण २५ अंशाला ९.१८ दाखवतं, ५० अंशाला ९.०१. हा फरक न धरणारे यंत्राला दोष देत बसतात. कॉस्टिक सौम्य करून, पृष्ठभागाखाली, पात्याजवळ सोडा, नाहीतर जिथे थेंब पडतो तिथे क्षणभर साखर जळते आणि मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

सॉर्बिटॉलचं ऑक्सिडीकरण करणाऱ्यांनी अपेक्षाच जरा आवरत्या ठेवाव्यात. दोन्ही टोकांचे प्राथमिक अल्कोहोल सारख्याच तयारीने पुढे येतात, एका बाजूने ग्लुकॉनिक आणि दुसऱ्या बाजूने गुलॉनिक आम्ल निघतं आणि दोन्ही चिमटे धातूला धरतात. पाचव्या कार्बनचा दुय्यम अल्कोहोल तेवढा नेमका हेरून सॉर्बोज काढायचं काम १९३४ च्या राइखस्टाइन पद्धतीत जिवाणूंकडे गेलं, ते उगीच नाही. धातूच्या उत्प्रेरकाकडून तोच नेमकेपणा मागत असाल तर समस्या निवारणाने ती मागणी पुरी होणार नाही.

राहिलं गंधक

वरची कुठलीच चाचणी लागू पडली नाही आणि हायड्रोजनीकरणाचा उत्प्रेरक तरीही दमतोय, तर भरतीत बघा. स्टार्च काढताना मका सल्फर डायऑक्साइडच्या पाण्यात भिजवतात. त्याचा अंश आणि प्रथिनांतली गंधकयुक्त अमिनो आम्लं पाकापर्यंत येऊ शकतात. ओळख अशी: शुद्ध स्फटिकी ग्लुकोज घेऊन त्याच पद्धतीने, त्याच नव्या उत्प्रेरकाने सलग सहा फेऱ्या करा. तिथे वेग टिकला आणि पाकावर पडला, तर संशयाला जागा उरत नाही. सक्रिय कार्बन आणि आयन-विनिमयाची पायरी जिथे संपृक्त झाली असेल तिथेच गळती असते, म्हणून रेझिनच्या पुनरुज्जीवनाच्या तारखा आणि बॅच मंदावल्याच्या तारखा शेजारी मांडून बघा.

आणि मेलेला निकेल लगेच टाकू नका. हायड्रोजन उचलायची ताकद गेली असली तरी त्याच्या पृष्ठभागाचा थोडा भाग अजून गंधकाला पकडू शकतो. येणारा पाक आधी त्याच्यावर सौम्य तापमानाला फिरवा, गाळा आणि मगच नव्या उत्प्रेरकावर सोडा. या फेरीत साखर हायड्रोजनाविना निकेलच्या सहवासात असते, म्हणून ती आटोपशीर ठेवा आणि पाक उदासीन ठेवा. गाळल्यावर डायमिथाइल ग्लायॉक्साइमचे दोन थेंब टाकून बघा. रंग आला नाही तर पाक पुढे जाऊ द्या.